सिरॅमिक शिल्पाकडे वळताना: वारूळ, कमान आणि भट्टी

निसर्ग आणि वास्तू हा विषय घेतला की बहुतेक नवखे छोटंसं घर बनवतात आणि त्यावर वेली, पानं चिकटवतात. दिसतं छान, पण ती नुसती सजावट झाली. मला या कामाची गोडी लागली ती वारुळं बघताना. हवेला वाट कुठून द्यायची, भिंत कुठे जाड ठेवायची, हे वाळवीनं मातीतच सोडवलेलं असतं. म्हणून पानाचा ठसा घेण्याआधी वारुळाचा किंवा शिंपल्याचा उभा छेद कागदावर काढून बघा.

मग कमान करा. साखळी दोन टोकांना धरून लोंबू द्या, तिचा आकार कागदावर उतरवा आणि कागद उलटा करा. ताणाच्या जागी आता दाब येतो. माती ताणाला कच्ची, पण दाब आरामात पेलते. आंतोनी गाउदी या स्पॅनिश वास्तुविशारदानं बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी दोऱ्यांना शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या टांगून असंच उलटं मॉडेल केलं होतं. कित्येक भट्ट्यांची कमानही याच आकाराची असते!

उंच कामाला ग्रॉग (भाजलेल्या मातीचा भुगा) घातलेली स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची माती घ्या. ती कमी आकसते, कमी तडकते. तरी वाळून-भाजून साधारण दहा-बारा टक्के आकसतेच, म्हणजे ५० सेंटीमीटरचा मनोरा ४५च्या आत येतो. आकसताना तळ फळीला धरून राहिला की तडा तिथूनच जातो. वाळवताना खाली वर्तमानपत्र घाला. भाजताना त्याच मातीची चपटी थाळी घाला, ती शिल्पाबरोबरच आकसते. बंद पोकळीला भोक हवंच. इथे खिडक्या कामाला येतात. ५७३ अंश सेल्सिअसच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ हे खनिज आकारमान बदलतं, तिथे चढताना आणि उतरताना भट्टीला घाई करू नका.

कला महाविद्यालयातल्या प्रवेशासाठी पोर्टफोलिओ करताना फक्त देखणे फोटो लावू नका. छेदचित्रं, ग्लेझच्या (काचेसारख्या लेपाच्या) चाचणी-टाइल्स, भट्टीच्या नोंदींची वही हेही दाखवा. विचार तिथेच दिसतो.

पोटापाण्याचं म्हणाल तर नुसत्या शिल्पविक्रीवर सुरुवातीला भागत नाही. शिकवणं, दुसऱ्याच्या स्टुडिओत भट्टी लावणं, आर्किटेक्टसाठी भित्तिशिल्पं असं मिळून चालतं. यातलं भट्टी लावणं कंटाळवाणं वाटतं, पण मी तरी सगळ्यात जास्त तिथेच शिकले. भित्तिशिल्पाचं काम आलं तर भट्टीचं आतलं माप आधी घ्या. तुकडे किती आणि सांधे कुठे, हे तिथेच ठरतं. चित्र त्यानंतर काढा.