तक्रारीनंतर साहेबांनी डूख धरला? मग या चुका टाळा

वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतींतून माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बहुतेक कामगारांची बाजू खरी असते. मात्र ती खरी असल्याचे दाखवणारा तारखेचा एकही कागद त्यांच्याजवळ नसतो. साहेबांच्या मनातला डूख न्यायालयाला दाखवता येत नाही. तक्रार कधी झाली, ती वरपर्यंत कधी पोहोचली आणि कारवाई कधी सुरू झाली, या तारखांच्या क्रमावरूनच तो ओळखला जातो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘उद्यापासून येऊ नको’ हे तोंडी फर्मान ऐकून घरी बसणे. वाळूजच्या एका कारखान्यातील कामगाराने, कामावरून काढलेल्या सहकाऱ्याच्या बाजूने कामगार न्यायालयात साक्ष दिली आणि थोड्याच दिवसांत त्याला गेटवर अडवण्यात आले. औद्योगिक वादाच्या कामकाजात मालकाविरुद्ध साक्ष दिली म्हणून कामगाराला काढणे, हे १९७१ च्या राज्य कायद्याने अनुचित कामगार प्रथांच्या, म्हणजे कायद्याने मनाई केलेल्या वागणुकीच्या, यादीत घातले आहे. म्हणजे प्रकरण भक्कम होते. हा गृहस्थ मात्र अपमान गिळून सोयाबीनच्या काढणीसाठी अंबड तालुक्यातील गावी निघून गेला. इकडे ‘आपण विनापरवानगी गैरहजर आहात, तातडीने रुजू व्हावे’ अशा नोटिसा वाळूजलगतच्या रांजणगावातील त्याच्या भाड्याच्या खोलीवर येत राहिल्या आणि कुलूप पाहून परत गेल्या. तो माझ्याकडे आला तेव्हा कारखान्याच्या फाइलमध्ये सूडाचा मागमूस नव्हता. होता तो स्वतःहून नोकरी सोडून गेलेला कामगार. त्या कायद्याखाली तक्रार करण्याची ९० दिवसांची मुदतही उलटली होती, त्यामुळे मूळ अन्यायाच्या आधी विलंबाचीच कारणे मांडत बसावे लागले.

अशा वेळी मी सांगतो ते असे: दुसऱ्या दिवशी आपल्या पाळीच्या वेळेला गेटवर जावे, आत घेतले नाही तर त्याच दिवशी ‘मी कामावर हजर होण्यास आलो होतो, मला प्रवेश नाकारण्यात आला, मी काम करण्यास तयार आहे’ एवढेच पत्र स्पीड पोस्टने व्यवस्थापनाला पाठवावे, त्यात गावाकडचा पत्ताही द्यावा, आणि प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात देऊन आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. पहिल्याच भेटीत ‘थेट केसच टाकू’ म्हणणाऱ्या उतावळ्यांना हे पत्र क्षुल्लक वाटते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तयार नोटिशीत नाव बदलून पाठवणाऱ्यांविषयी तर न बोललेले बरे.

‘राजीनामा दे, हिशोब लगेच करतो’ या आमिषाला भुलू नये; दबावाखाली सही झालीच असेल, तर ती त्याच दिवशी लेखी मागे घ्यावी.

खाजगी कंपनीला संविधानाच्या कलम १६ चा हवाला देऊ नये. ते कलम सरकारी नोकरीपुरते आहे. खाजगी नोकरीत समान वेतन, मातृत्व, अपंगत्व, लैंगिक छळ अशा प्रत्येक विषयाचा कायदा वेगळा असतो, आणि आपली तक्रार नेमकी कोणत्या कायद्यात बसते हे शोधण्याचा कंटाळा करून चालत नाही.

साहेबांच्या बोलण्याचे रेकॉर्डिंग पुरावा म्हणून वापरायचे असेल, तर ते मित्राला पाठवून मूळ मोबाइल विकून टाकू नये.

लैंगिक छळाच्या प्रकरणांत महिला कर्मचारी तोंडी तक्रार करून उत्तराची वाट पाहतात आणि मुदत निघून जाते. २०१३ च्या कायद्यानुसार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे (अशा तक्रारींची चौकशी करणारी कंपनीतील समिती) लेखी तक्रार द्यावी लागते. समितीला योग्य कारण पटल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात, पण त्या भरवशावर राहू नये. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते, असे नियम सांगतात. दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यामुळे अंतर्गत समिती नसेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे द्यावी.

याहून मोठी चूक चौकशी सुरू झाल्यावर होते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, तोच अधिकारी त्या बाईच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहीत राहतो आणि वर्षअखेरीस ‘कामगिरी असमाधानकारक’ असा शेरा येतो. चौकशी चालू असताना तिने लेखी मागणी केली, तर तो अहवाल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवण्याची, दोघांपैकी एकाची बदली करण्याची किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा देण्याची शिफारस समिती करू शकते. ‘आधी निकाल तर लागू द्या’ असे म्हणून हा अर्ज लांबवणाऱ्यांशी माझा दर वेळी वाद होतो. तक्रार देतानाच हा अर्जही जोडावा आणि दोन्हींवर वेगवेगळी पोच घ्यावी.