युरोपात फायनान्सचं मास्टर्स करून आयबीत जायचंय? रँकिंग नंतर, आधी कॅलेंडर बघा

दिवाळीला बडोद्याला गेलो की आमच्या दांडिया बाजारच्या घरी कोणी ना कोणी बी.कॉम.वालं पोर घेऊन येतंच, की ह्याला जरा सांग, ह्याला युरोपला जाऊन इन्व्हेस्टमेंट बँकिंग, म्हणजे आयबी करायचंय. पोराच्या मोबाइलमध्ये रँकिंगचा स्क्रीनशॉट तयार असतो आणि प्रश्न एकच, "दादा, एचईसी चांगलं ने, की एलएसई?" एचईसी म्हणजे पॅरिसचं बिझनेस स्कूल, एलएसई म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, दोन्ही चांगलीच आहेत रे, पण हा प्रश्नच नंतरचा आहे. मी पण बडोद्याच्याच एमएस युनिव्हर्सिटीच्या कॉमर्समधून रँकिंग बघूनच गेलो होतो आणि त्याची किंमत भरलीय, म्हणून एकदाचं नीट लिहून टाकतो, पुढच्या दिवाळीला सरळ हीच लिंक पाठवीन.

आधी काम काय ते समजून घ्या. आमच्या आजीला अजून वाटतं मी बँकेच्या मांडवी शाखेत बसतात तसा कुठल्यातरी काउंटरवर बसतो. आयबी म्हणजे कंपन्यांची खरेदी-विक्री, म्हणजे एम अँड ए, शेअर किंवा बाँड काढून पैसा उभा करून देणं, आणि त्यासाठी रात्री दोन वाजेपर्यंत एक्सेल आणि पॉवरपॉइंट. ट्रेडिंग वेगळं, क्वांट म्हणजे गणिती मॉडेलवालं काम वेगळं. झुरिकला ईटीएच आणि झुरिक युनिव्हर्सिटीचं मिळून क्वांटिटेटिव्ह फायनान्सचं मास्टर्स आहे, जबरदस्त कोर्स, पण एम अँड ए करायचं असेल तर तिथलं गणित तुमच्या फारसं कामाचं नाही.

दुसरं म्हणजे मास्टर्स आणि एमबीए यांची खिचडी करू नका. मास्टर्स करून तुम्ही ॲनालिस्ट म्हणून लागता, अगदी तळापासून, एमबीएवाले साधारण असोसिएट म्हणून वरच्या पायरीवर येतात पण त्याआधी त्यांनी काही वर्षं नोकरी केलेली असते. आणि नावांवर जाऊ नका, केंब्रिजच्या मास्टर ऑफ फायनान्सला किमान २ वर्षांचा अनुभव लागतो, लंडन बिझनेस स्कूलचे तर दोन कोर्स आहेत, मास्टर्स इन फायनान्शियल ॲनालिसिस हा फ्रेशर लोकांचा आणि मास्टर्स इन फायनान्स हा अनुभवी लोकांचा, आणि पोरं दरवर्षी चुकीच्या पानावरची फी बघून घाबरतात.

आता मुख्य मुद्दा. लंडनच्या मोठ्या बँका ॲनालिस्ट घेतात ते बहुतेक स्वतःच्या समर इंटर्नमधूनच. समर इंटर्नशिप म्हणजे जून ते ऑगस्ट आठ-दहा आठवडे, पण तिचे फॉर्म उघडतात आदल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टपासून, आणि बऱ्याच ठिकाणी रोलिंगवर, म्हणजे शेवटच्या तारखेची वाट बघत बसलात तर सीट भरलेल्या असतात. आता हिशोब करा, एक वर्षाचा कोर्स सप्टेंबरला सुरू होतो, तुम्ही अजून घर शोधताय, डाळ कुठे मिळते ते बघताय, आणि तिकडे फॉर्म भरून झालेले, ऑनलाइन टेस्ट आणि रेकॉर्ड केलेला व्हिडिओ इंटरव्ह्यू चालू. त्यात ही इंटर्नशिप मूळ शेवटच्या आधीच्या वर्षातल्या मुलांसाठी असते आणि एक वर्षाच्या कोर्सवाला पहिल्या दिवसापासूनच शेवटच्या वर्षात. काही बँका अशांना घेतात, काही नाही, प्रत्येक फॉर्मवरची ग्रॅज्युएशनची तारीख वाचा.

माझं काय झालं सांगतो. एक वर्षाचा यूकेचा कोर्स, कॉलेजचं नाव सोडा. समर हुकलीच, पण मे महिन्यात एका बुटीकने, म्हणजे फक्त एम अँड ए करणाऱ्या छोट्या फर्मने, सहा महिन्यांची ऑफ-सायकल, म्हणजे समरच्या चक्राबाहेरची इंटर्नशिप दिली, जुलैपासून फुल टाइम. मी घरी फोन करून पेढे वाटायला सांगितले. मग कळलं की स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि मास्टर्सवाल्यांचा उन्हाळा ही सुट्टी नसते, डिझर्टेशन चालू असतं ना, म्हणजे माझी टर्म सप्टेंबरपर्यंत. बुटीक थांबलं नाही, का थांबेल. पुढे लंडनलाच एका ऑडिट फर्मच्या व्हॅल्युएशन टीममध्ये दीड वर्ष काढून मग वळसा घालून आत आलो, पण तो वळसा टाळता आला असता. एलएसईचं एमएससी फायनान्स १० महिन्यांचं आहे, ऑक्सफर्डचं फायनान्शियल इकॉनॉमिक्स ९ महिन्यांचं, त्यांचा उन्हाळा आधी मोकळा होतो. मला वाटायचं कमी महिने म्हणजे कमी शिकवतात, किती येडा होतो.

म्हणून माझं मत, ज्याच्याकडे आधीची तगडी इंटर्नशिप नाही त्याने दोन वर्षांचा कोर्स बघावा. मिलानचं बोकोनी आहे, एमएससी फायनान्स दोन वर्षं, इंग्रजीत. फ्रान्समध्ये तर मोठ्या बिझनेस स्कूलची पोरं दोन वर्षांच्या मध्ये एक वर्ष सुट्टी घेतात, सेझ्यूर म्हणतात त्याला, आणि त्यात सहा-सहा महिन्यांच्या दोन इंटर्नशिप मारतात. तिकडे इंटर्नशिपला कॉलेज, कंपनी आणि तुम्ही अशा तिघांच्या सह्यांचा करार लागतो, कॉन्वेन्शन द स्टाज, कॉलेजात नाव नसेल तर करार नाही आणि करार नाही तर इंटर्नशिप नाही. म्हणजे तिकडे तुमचं स्टुडंट असणं हीच तुमची कमाई, ती जितकी ताणता येईल तितकी ताणा. हो, वर्ष वाढलं की राहण्याचा खर्च पण वाढतो, ते धरून चाला.

भाषा. लंडनला इंग्रजीवर भागतं (तिथे पण इटालियन किंवा जर्मन कंपन्यांचं काम त्या भाषेवाल्यांनाच देतात), पॅरिसमध्ये फ्रेंच आणि फ्रँकफर्टमध्ये जर्मन येत नसेल तर एम अँड ए टीममध्ये शिरणं फार कठीण, क्लायंट त्याच भाषेत बोलतो. कोर्स इंग्रजीत आहे म्हणजे नोकरी इंग्रजीत आहे असं नसतं, ह्या एका वाक्यावर कितीतरी पोरं फसलेली बघितलीत. ब्रेक्झिटनंतर बँकांनी माणसं पॅरिस-फ्रँकफर्टला हलवली हे खरंच आहे, पण तुम्हाला आज बॉंजूर पण येत नसेल तर दोन वर्षांचा कोर्स घ्या आणि पहिल्या दिवसापासून भाषेचा क्लास लावा, नाहीतर लंडनवरच निशाणा ठेवा.

व्हिसाची मुदत पण त्याच कॅलेंडरवर लिहा. यूकेत कोर्सनंतर ग्रॅज्युएट रूटवर दोन वर्षं मिळतात, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच. जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने, नेदरलँड्समध्ये एक वर्ष, स्वित्झर्लंडमध्ये फक्त सहा महिने. सेंट गॅलनचा बँकिंग अँड फायनान्सचा कोर्स नावाजलेला आहे आणि फी लंडनच्या मानाने कितीतरी कमी, पण त्या सहा महिन्यांत झुरिकची बँक भारतीय पासपोर्टसाठी परमिटच्या भानगडीत पडेल का ते विचारा, आणि क्रेडिट स्विस २०२३ मध्ये यूबीएसने गिळल्यापासून तिथे एक मोठा मालक कमी झालाय.

रँकिंगबद्दल एवढंच सांगतो. फायनान्शियल टाइम्सच्या यादीत तीन वर्षांनंतरचा पगार मोठा भाव खातो आणि तो पीपीपीने, म्हणजे त्या देशातल्या स्वस्ताई-महागाईच्या हिशोबाने, वाढवलेला असतो, म्हणजे भारतात परतलेल्याचा पगार डॉलरमध्ये असतो त्यापेक्षा बराच मोठा दिसतो. त्यापेक्षा लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर ॲल्युम्नाय उघडा, भारतातून बी.कॉम. किंवा बी.टेक. केलेले आणि मागच्या तीन वर्षांत पास झालेले शोधा, आणि त्यातले किती जण खरंच ॲनालिस्ट झाले ते मोजा. एक दुपार जाते, पण ती दुपार घालवाच. त्यातल्या चार जणांना मेसेज टाका, एक तरी उत्तर देतो.

पैसा. ४० लाखांचं लोन १० टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतलं तर ईएमआय साधारण ५२,९०० बसतो, आणि शिकत असताना चढलेलं व्याज त्यावर वेगळं. बँक ऑफ बडोदाची बडोदा स्कॉलर नावाची परदेशी शिक्षणाची स्कीम आहे, तिथे कॉलेज कोणत्या यादीत बसतं ते ॲडमिशनच्या आधी विचारा. जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत सहसा फी नसते, पण मॅनहाइम ज्या राज्यात येतं तिथे आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो, तरी लंडनच्या पुढे काहीच नाही. मात्र एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली मार्कशीट-डिग्री खरी असल्याचा दाखला, काढावं लागतं, आणि तीन वर्षांची बी.कॉम. चालते का ते प्रत्येक ठिकाणी वेगळं. शेवटपर्यंतचा पैसा आधी मोजा. बाबासाहेबांना सयाजीरावांच्या राज्याची स्कॉलरशिप होती, तरी ती मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये एलएसई अर्धवट सोडून बडोद्याला नोकरीवर यावं लागलं होतं. तुम्हाला तर ईएमआय आहे.

जीमॅट, म्हणजे बिझनेस स्कूलची प्रवेश परीक्षा, ऑगस्टच्या आत देऊन टाका, नवीन स्केलवर ६४५ म्हणजे जुने ७००, घरचे जुन्या आकड्यांवरून ओरडतील तर त्यांना हे दाखवा. सीएफए ह्या फायनान्सच्या परीक्षेची लेव्हल वन झालेली असेल तर बरं, नसेल तर त्यासाठी वर्ष घालवू नका, त्यापेक्षा अहमदाबाद नाहीतर मुंबईच्या एखाद्या छोट्या ॲडव्हायझरी फर्ममध्ये तीन महिने फुकट पण चालेल, सीव्हीवर एक खरी डील पाहिजे.

आणि फॉर्मची फी भरण्याआधी ॲडमिशन ऑफिसला दोन प्रश्न मेल करा. टर्म अधिकृतपणे कोणत्या तारखेला संपते, आणि कोर्सच्या आत फुल टाइम इंटर्नशिप कितीदा करता येते. उत्तर गोलमोल आलं की लिस्टमधून नाव काढा, शेव उसळ खा आणि पुढच्या कॉलेजला मेल टाका.