गिअर हार्ड पडतोय? गिअरबॉक्स खोलायच्या आधी एवढं बघा

गेल्या पावसाळ्यात साताऱ्यातनं कासला निघालो होतो, यवतेश्वरच्या घाटात एका वळणावर सेकंडवरनं फर्स्ट टाकायला गेलो तर गिअर पडेचना, मागं गाड्यांची रांग, शेजारी आई बसलेली. शेवटी इंजिन बंद करून टाकला तर अलगद पडला. तेव्हा घाबरल्यामुळं लक्षात आलं नाही, पण दुखणं कुठं आहे ते गाडीनं तिथंच सांगितलं होतं. एका गॅरेजवाल्यानं लगेच गिअरबॉक्स उतरवायला सांगितला आणि मी जवळजवळ हो म्हणून बसलो होतो, म्हणून हे लिहितोय.

सपाट जागेवर हँडब्रेक लावा, इंजिन बंद ठेवून क्लच पूर्ण दाबून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून परत तेच. बंद असताना सोपे आणि चालू असताना हार्ड, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही, पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. दोन्ही वेळेला हार्ड असतील तर गिअरची केबल, लिव्हरचे बुश (सांध्यातल्या छोट्या रिंगा) किंवा गिअर ऑइल. अजून एक, क्लच दाबून ४-५ सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका, तरी घर्र वाजलं तर क्लचच.

क्लचचं असेल तर आधी पायाखालचं मॅट बघा, खरंच, मॅट पुढं सरकून पेडल पूर्ण खाली जात नाही असं बऱ्याचदा होतं. केबलचा क्लच असेल तर केबल बऱ्याचदा ताणून लांब झालेली असते, ॲडजस्ट करून घ्या, पेडलला थोडा फ्री प्ले (क्लच लागायच्या आधीची मोकळी हालचाल) राहिलाच पाहिजे. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा असेल तर क्लचच्या ऑइलची लेव्हल बघा, खूप गाड्यांत ब्रेकची आणि क्लचची डबी एकच असते. झाकणावर लिहिलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ तेच टाका, रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग खातं ते. लेव्हल उतरली असेल तर कुठं गळतंय का बघा, डबी एकच असेल तर ब्रेक पॅड झिजल्यावरही ती थोडी उतरते. माझ्या गाडीत खालचा स्लेव्ह सिलेंडर (ऑइलच्या दाबानं क्लच सोडवणारा भाग) ओला होता, तो बदलून पाइपातली एअर काढली आणि गिअर पहिल्यासारखा झाला, गिअरबॉक्सला हात पण लावावा लागला नाही.

थंडीत सकाळी पहिले १-२ किलोमीटर सेकंड जड जातो ते गिअर ऑइल घट्ट झाल्यामुळं, गरम झाल्यावर सुटत असेल तर चिंता नको. दिवसभर जड असेल तर ऑइल बदला. ग्रेड गाडीच्या पुस्तकातलाच. पुस्तकात जीएल-४ (गिअर ऑइलचा प्रकार) लिहिलं असेल तर दुकानदार "भारी आहे" म्हणून जीएल-५ देईल ते घेऊ नका, त्यातल्या काही ॲडिटिव्हनं सिंक्रोच्या (गिअर पडताना दोन्ही बाजूंचा वेग जुळवणारा भाग) पितळी रिंगा खराब होऊ शकतात. आणि ऑइल भरायचा बोल्ट आधी सैल करून बघा, मगच खालचा काढा, नाहीतर जुनं ऑइल सांडून बसाल आणि वरचा बोल्ट निघणार नाही. काही गाड्यांत खालच्या बोल्टला चुंबक असतं, त्याला बारीक राखाडी चिखल असतोच, पण तुकडे किंवा ऑइलमध्ये पिवळी चमक दिसली तर आत झिजलंय.

फक्त एकच गिअर, बहुतेक सेकंड, टाकताना घासत असेल तर सिंक्रो गेला, तिथं मात्र गिअरबॉक्स खोलावाच लागतो. गॅरेजमध्ये नंबर लागेपर्यंत डबल क्लच करा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, खालच्या गिअरवर येताना ॲक्सिलरेटरला हलका टच, परत क्लच दाबून गिअर.