जाळरेषा: आग कधी लावायची आणि कुठे नाही

वनरक्षक म्हणून 31 वर्षं काढली, त्यातली बहुतेक चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानात. आता ग्रामसभांची पोरं घरी येतात. म्हणतात, गावाला जंगल सांभाळायचा सामूहिक वनहक्क मिळाला, काका, वणवा कसा थांबवायचा? मी म्हणतो, आधी आगपेटी धरायला शिका. हसतात बिचारी.

आपल्याकडे वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात. जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, हंगाम सुरू व्हायच्या आत तयार हवी. नोव्हेंबरअखेर रेषेवरचं गवत कापा आणि तिथंच पसरून ठेवा. पंधरा दिवसांत ते कडकडीत वाळतं, पण बाजूचं उभं गवत बुडाशी अजून ओलसर असतं. सगळी करामत या फरकात आहे. रेषेवरचं पेटतं, बाजूचं धरत नाही. डिसेंबर-जानेवारी हातचा घालवून मार्चमध्ये तीच काडी ओढलीत, तर तो वणवाच.

दिवस ठरवायचा तर रेषेबाहेरचं गळलेलं सागाचं पान मुठीत चुरगाळा. चामड्यासारखं वाकलं तर काम करा. पापडासारखा भुगा झाला तर घरी जा.

परवानगी लेखी घ्या, ग्रामसभेचा ठराव जोडून. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन अधिनियमाच्या कलम 26 खाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. बीटच्या, म्हणजे जंगलाच्या त्या भागाच्या, वनरक्षकाला वेळही कळवा, कारण आगी टिपणारा उपग्रह दिवसा आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो आणि तुमची रेषा त्याला वणवा म्हणून दिसू शकते. मग पळापळ.

आता प्रत्यक्ष जाळणं. दुपारी अजिबात नाही. चारनंतर, वारा पडला की. चिमूटभर माती उडवून वाऱ्याची दिशा बघा आणि तो जिकडे चाललाय त्या टोकाकडून पेटवा, म्हणजे आगीला वाऱ्याविरुद्ध सरकावं लागतं. उतार असेल तर माथ्याकडून खाली या, कारण आग चढावर पळते. अशी आग गुडघ्याखाली राहते, तिच्याबरोबर चालता येतं. दहा-बारा माणसं दोन्ही कडांना वाटून द्या, हातात पळसाच्या ओल्या डहाळ्या, चौघांच्या पाठीवर धुतलेले फवारणी पंप, नुसत्या पाण्याचे. अंगात सुती कपडे. डहाळी आपटायची नाही; आपटली की ठिणग्या उडतात. दाबायची आणि जळलेल्या बाजूकडे ओढायची.

एका वर्षी आम्ही सहाला काम आटोपून निघालो. रेषा काळी, थंडगार. रात्री दोनला फोन. कडेला मोहाचा एक वाळका पोकळ खुंट होता, तो आतल्या आत धुमसत राहिला आणि कलंडला तो नेमका पलीकडे. पहाटेपर्यंत झोडपत होतो. चूक माझी, कारण तो खुंट मी सकाळी पाहिला होता. तेव्हापासून असे खुंट आणि वाळकी लाकडं आधी रेषेपासून लांब ओढून टाकतो, हलत नसतील तर भोवती हातभर माती उघडी करतो, आणि निघण्याआधी राखेवर हाताची पालथी बाजू धरत शेवटपर्यंत चालतो. ऊब लागली की पाणी, माती, पुन्हा हात.

सागाची पानगळ पुढेही चालूच राहते, त्यामुळे जाळलेली रेषा पुन्हा पानांनी भरते. दर आठवड्याला ब्लोअर फिरवा, नसेल तर खराटा.

आणि वणवा लागतो कशानं? बहुतेकदा आपल्याच हातानं. मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. त्याऐवजी पाचोळा झाडून जुन्या साड्या अंथरा, फुलंही स्वच्छ मिळतात. तेंदूला नवी पालवी यावी म्हणून आग लावणारेही आहेत. झुडपं जमिनीलगत छाटली तरी पालवी येतेच. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं तर तेंदूपत्ता तोडणंच सोडलं, आग आणि छाटणीनं झाडांचं नुकसान होतं म्हणून.

रायमुनिया, म्हणजे घाणेरीची झुडपं, मात्र जाळू नका. कर्नाटकात बिळीगिरी रंगनाथ डोंगरातले सोलिग लोक हंगामाच्या सुरुवातीला पाचोळ्याची हलकी आग लावायचे, तिला ते ‘तरगु बेंकी’ म्हणतात. ती बंद पडली आणि रायमुनिया माजली, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण एकदा माजलेली रायमुनिया आगीनं मरत नाही. बुडातून धुमारे फुटतात, आणि पेटली की आग शिडी मिळाल्यासारखी शेंड्यांवर चढते. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंची पद्धत वापरा: जमिनीखाली दोन-तीन बोटं जाऊन मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडे. फळं धरायच्या आधी.

रायमुनिया काढून मोकळ्या झालेल्या जागेत काही पेरलं नाही तर तरोटा (टाकळा) घुसतो. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात पवन्या आणि मारवेल या गवतांचं बी गोळा करून पोत्यात कोरडं ठेवा, जूनच्या तोंडावर माती-शेणात कालवून फेका. पहिलं वर्ष गुरं आत सोडू नका, गावात भांडण झालं तरी. रायमुनियाची रोपं पुढची दोन-तीन वर्षं उगवतच राहतात. श्रावणातल्या ओल्या मातीत ती दोन बोटांनी मुळासकट निघतात, दिवाळीनंतर कुदळ लागते.