हॅम रेडिओसाठी नॅनोव्हीएनए निवडताना

नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना आणि फिल्टर वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला कसे वागतात हे मोजणारा, खिशात मावणारा व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर, घेताना जाहिरातीतील कमाल फ्रिक्वेन्सीला भुलू नये. आपण कोणत्या बँडवर काम करतो, हे आधी कागदावर लिहून काढावे. ४० मीटर तरंगलांबीच्या (सुमारे ७ मेगाहर्ट्झच्या) बँडचा डायपोल (दोन बाजूंना ताणलेल्या तारेचा अँटेना), २ मीटर बँडची यागी (एका दिशेला रोखलेला अनेक दांड्यांचा अँटेना) आणि ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा उपग्रहांसाठीचा अँटेना एवढेच मोजायचे असेल, तर ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झपर्यंत चालणारे मूळ घडणीचे नॅनोव्हीएनए पुरते. २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय अँटेना तपासायचे असतील, तरच ३ गिगाहर्ट्झपर्यंतचे व्ही-टू किंवा ६ गिगाहर्ट्झच्या पुढे जाणारे लाइटव्हीएनए घ्यावे.

मूळ घडणीत सिग्नल देणारी एसआय-५३५१ ही चिप साधारण ३०० मेगाहर्ट्झपर्यंत थेट वापरली जाते आणि त्यापुढे तिच्याच सिग्नलमधील विषम हार्मोनिकवर, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट, पाचपट अशा पटींवर, मापन चालते. हे हार्मोनिक क्षीण असल्यामुळे खालच्या पट्ट्यात जवळपास ७० डेसिबल मिळणारी डायनॅमिक रेंज (मोजता येणाऱ्या सर्वांत बळकट व सर्वांत क्षीण सिग्नलमधले अंतर) वर गेल्यावर बरीच घटते. नुसता एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो ते सांगणारे गुणोत्तर) पाहणाऱ्याचे त्यामुळे काही अडत नाही, परंतु ४३५ मेगाहर्ट्झचा फिल्टर बांधणाऱ्याला त्याची खोल नॉच (अडवलेल्या फ्रिक्वेन्सीची खाच) नॉइजमध्ये बुडालेली दिसते.

पडदा २.८ इंची असावा की ४ इंची, हा प्रश्न टेबलावर किरकोळ वाटतो. भर दुपारी गच्चीवर एका हाताने तार धरून आकडे वाचताना तो किरकोळ राहत नाही. माझे मत ४ इंचीच्या बाजूने आहे. स्वस्त नकलांमध्ये कधी बॅटरी नसते, तर कधी सर्किटवरचे धातूचे शील्ड गाळलेले असते, म्हणून दोन्हींची चौकशी आधी करावी. ओपन, शॉर्ट आणि लोड हे तीन कॅलिब्रेशनचे (मापनापूर्वी यंत्र जुळवून घेण्याचे) तुकडे व दोन एसएमए (छोट्या स्क्रू-कनेक्टरच्या) केबल डब्यात असायलाच हव्यात. पीएल-२५९ हा मोठा कनेक्टर लावलेल्या कोॲक्ससाठी (अँटेनाच्या केबलसाठी) ॲडाप्टर मात्र बहुधा वेगळा घ्यावा लागतो.

यंत्र हाती आल्यावर प्रथम कॅलिब्रेशन करावे आणि दोन्ही पोर्ट मोकळे ठेवून एस-२१ ची, म्हणजे एका पोर्टमधून दुसऱ्यात पोहोचणाऱ्या सिग्नलची, रेषा पाहावी. ३०० मेगाहर्ट्झच्या खालीही ती फार वर तरंगत असेल, तर शील्डिंगमध्ये खोट असण्याची शक्यता आहे आणि परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी निर्णय घ्यावा.

मापताना पूर्ण पट्टा स्वीप करू नये, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत जाऊ नये. ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ एवढ्या विस्तारात १०१ बिंदू घेतले, तर दोन बिंदूंत सुमारे ९ मेगाहर्ट्झचे अंतर पडते आणि ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा आपला अख्खा बँड त्या फटीत हरवतो. ६ ते ८ मेगाहर्ट्झ एवढाच स्वीप ठेवून पुन्हा कॅलिब्रेशन करावे. कोॲक्स जोडण्यापूर्वी तिचा मधला वाहक क्षणभर बाहेरच्या जाळीला टेकवून साठलेला स्थिर विद्युतभार घालवावा, आणि ट्रान्समीटर या यंत्राला चुकूनही जोडू नये.

२० मीटर लांब डायपोलचा एसडब्ल्यूआर ६.९ मेगाहर्ट्झला सर्वांत कमी दिसला आणि तो ७.१ ला हवा असेल, तर तार सुमारे ५६ सेंटिमीटर जास्त आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला २८; ती लगेच न कापता टोके मागे दुमडून पिळावीत आणि पुन्हा मोजावे.