लासलगावच्या ओळीत पिंपळगावचा दर: सीच्या लायब्ररीतले थ्रेडचे धोके कसे काढाल

नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे कांद्याचे भाव वाचणारा सी प्रोग्राम घ्या. लासलगावची फाइल एक थ्रेड (प्रोग्रामच्या आत समांतर चालणारा कामाचा धागा) वाचतो, पिंपळगाव बसवंतची दुसरा. ओळीत स्वल्पविराम देऊन समिती, वाण (उन्हाळ की लाल), क्विंटलमध्ये आवक आणि सरासरी दर. तुम्ही ग्लोबल व्हेरिएबल एकही ठेवलेले नाही. तरी कधीमधी लासलगावच्या नावापुढे पिंपळगावचा दर छापला जातो.

दोष ओळ तोडणाऱ्या स्ट्रटॉक या फंक्शनचा. त्याला पहिल्यांदा ओळ द्यायची, पुढे प्रत्येक वेळी नल. उरलेली ओळ कुठून सुरू होते हे ते लायब्ररीतल्या एका लपलेल्या पॉइंटरमध्ये ठेवते आणि ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीत तो पॉइंटर सगळ्या थ्रेडना मिळून एकच असतो. पहिल्या थ्रेडच्या दोन हाकांमध्ये दुसऱ्याने आपली ओळ दिली, की पहिल्याला पुढचा तुकडा दुसऱ्याच्या ओळीतला मिळतो. प्रोग्राम कोसळत नाही, आकडा खरा वाटतो, म्हणूनच ही चूक फार वाईट.

उपाय स्ट्रटॉक_आर. त्याचा तिसरा आर्ग्युमेंट म्हणजे पॉइंटर ठेवायची तुमची जागा. ती फंक्शनच्या आत साधी लोकल ठेवा. स्टॅटिक केलीत तर जुनाच घोळ परत येतो. विंडोजवर हेच काम स्ट्रटॉक_एस करते. एक वेगळी खबरदारी: ही सगळी फंक्शने लागोपाठचे स्वल्पविराम एकच धरतात, त्यामुळे वाणाचा रकाना रिकामा असेल तर आवक त्याच्या जागी सरकते. रिकामे रकाने येत असतील तर स्ट्रसेप वापरा.

सेकंदांतली वेळ स्थानिक तारखेत मांडणाऱ्या लोकलटाइमचीही तीच गत. ते सामायिक बफरचा पत्ता परत देते आणि जीएमटाइमही तोच बफर वापरू शकते. स्वतःचे म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे लॉक) लावून भागत नाही, कारण तुम्ही जोडलेली दुसरी लायब्ररी तुमचे लॉक न घेता लोकलटाइमला हाक मारू शकते. लोकलटाइम_आर घ्या आणि थ्रेड सुरू करण्याआधी मेनमध्ये टाइमझोन ठरवणारे टीझेडसेट एकदा चालवा. विंडोजच्या लोकलटाइम_एसमध्ये आर्ग्युमेंटचा क्रम उलटा आहे: आधी उत्तराची जागा, मग वेळ.

एन्व्हायर्नमेंट (पर्यावरण) व्हेरिएबल बदलणारे सेटेन्व्ह आणि भाषा-प्रदेशाच्या पद्धती ठरवणारे सेटलोकेल ही दोन्ही मेनमध्ये, पहिला थ्रेड जन्मण्याआधी उरकून टाका. सेटेन्व्ह पर्यावरणाची यादी दुसऱ्या जागी हलवू शकते, आणि ग्लिबसीच्या २.४१ आधीच्या आवृत्त्यांत त्याच क्षणी गेटेन्व्हने ती यादी वाचणारा थ्रेड मोकळी झालेली मेमरी वाचू शकतो. याच कारणाने रस्ट या भाषेच्या २०२४ आवृत्तीत तेच काम करणारे सेट_व्हार अनसेफ ठरवले. सेटलोकेलने दशांशचिन्ह बदलले तर ते सगळ्या थ्रेडसाठी बदलते. एकाच थ्रेडपुरते हवे असेल तर न्यूलोकेल आणि यूजलोकेल आहेत.

शेवटच्या चुकीचा क्रमांक ठेवणारा एररनो मात्र प्रत्येक थ्रेडचा स्वतंत्र असतो, त्याची काळजी नको. प्रिंटएफ फाइलपुरते लॉक स्वतः घेते, पण ते एका हाकेपुरतेच. एक ओळ तीन प्रिंटएफांत छापली तर मध्ये दुसऱ्याची ओळ घुसेल. पूर्ण ओळ एकाच हाकेत छापा, नाहीतर फ्लॉकफाइल आणि फनलॉकफाइलमध्ये बांधा.

आता शोध. तयार प्रोग्रामवर एनएम ही आज्ञा -यू (स्मॉल यू) पर्याय देऊन चालवा. बाहेरून घेतलेली नावे दिसतील, त्यात स्ट्रटॉक, लोकलटाइम, सीटाइम, स्ट्रएरर, रँड, सेटेन्व्ह शोधा. जोडलेल्या शेअर्ड लायब्ररींना -डी (कॅपिटल डी) -यू लावा, तिथेच जास्त सापडते. प्रत्येक नावाच्या मॅन पानावर 'अ‍ॅट्रिब्यूट्स' भाग असतो. तिथे एमटी-अनसेफ (अनेक थ्रेडमध्ये असुरक्षित) दिसले, की पुढे रेस, एन्व्ह किंवा लोकेल असे कारणही लिहिलेले असते.

मग थ्रेडमधली झटापट पकडणारा थ्रेड सॅनिटायझर चालू करायला -जी -ओ१ (कॅपिटल ओ) -एफसॅनिटाइझ=थ्रेड लावून कम्पाइल करा. प्रोग्राम ५ ते १५ पट हळू चालेल आणि मेमरी ५ ते १० पट लागेल, म्हणून चाचणीची फाइल बेताची ठेवा. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका शोधणारा पर्याय) सोबत चालत नाही. ग्लिबसी स्वतः या पर्यायाने कम्पाइल झालेली नसते, त्यामुळे तिच्या आतली प्रत्येक झटापट दिसत नाही. अहवाल कोरा आला तरी एनएमची यादी तपासल्याशिवाय प्रोग्राम प्रत्यक्ष वापरात आणू नका.