कोल्हापूरची संग्रहालयं पाहायची तर अशी पाहा

मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत पै-पाहुण्यांना गाव दाखवायचं काम आपसूक माझ्याकडेच येतं. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळ्यावर भेळ झाली, की मी त्यांना टाऊन हॉलच्या संग्रहालयात नेते. माझा आग्रह एकच असतो: आत जे पाहाल, त्याची मूळ जागा त्याच दिवशी बाहेर जाऊन पाहायची. कोल्हापुरात हे सहज जमतं, कारण त्यातल्या बऱ्याच जागा रिक्षाच्या अंतरावर आहेत.

सुरुवात भाऊसिंगजी रोडवरच्या टाऊन हॉलपासून करा. सीपीआर रुग्णालयाच्या शेजारची ही दगडी इमारत चार्ल्स मँट या ब्रिटिश वास्तुविशारदाची. सकाळी उघडताच जा. सरकारी संग्रहालयं साधारणपणे सोमवारी बंद असतात, तो वार टाळा. बागेतल्या तोफा आणि दगडी मूर्ती मुलांना आधी मनसोक्त पाहू द्या, म्हणजे आत गेल्यावर ती शांत राहतात.

आत सगळी दालनं पायाखाली घालायची घाई नको. ब्रह्मपुरीच्या वस्तूंपाशी थांबा. पंचगंगेकाठच्या या टेकडीवर १९४०च्या दशकात खोदकाम झालं आणि सातवाहनकाळातल्या वस्तीचे अवशेष हाती लागले. त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती होती, रोमन जगाशी चाललेल्या व्यापारातून इथवर आलेली. मूर्तीचा भार एका पायावर आहे, त्यामुळे कंबर किंचित कलली आहे आणि खांदे तिच्या उलट दिशेला. हात उंचावलेला, त्यातलं आयुध मात्र गेलंय. मुलांना मी तसंच उभं राहायला लावते. दुसरा पाय सैल सोडला की शरीर आपोआप कसं वळतं, ते त्यांना चटकन कळतं. शेजारी हत्तीवर बसलेल्या माणसांचं कांस्यशिल्पही बघा. मग बाहेर पडून तोरस्कर चौकातून शिवाजी पुलाच्या दिशेने चालत ब्रह्मपुरीवर जा. समुद्रापासून इतक्या आत, घाटावरच्या या गावात तो देव कुठल्या वाटेने आला असेल, हा प्रश्न मुलांना तिथे उभं राहून पडू द्या.

टाऊन हॉलमधल्या चित्रांसाठी वेळ राखून ठेवा. आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या काळातले दरबारी चित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापुरात परतले आणि रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ इथलाच निसर्ग रंगवत राहिले. १९३१ साली ते गेले. त्यांचं निसर्गचित्र आधी चार पावलं मागे सरून पाहा, मग जवळ जा. लांबून जी झाडी वाटते, ती जवळून नुसते रंगाचे ठिपके होऊन जाते. संध्याकाळी रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला बसून तो उजेड डोळ्यांनी अनुभवा. पेन्सिल आणि छोटी वही बरोबर असली तर फारच छान. पेनाने खोडता येत नाही, म्हणून मुलं बिचकतात.

न्यू पॅलेस हाही मँटचाच, १८८४ साली पूर्ण झालेला काळ्या दगडाचा राजवाडा. इथे शस्त्रं, पेंढा भरलेले वाघ आणि राजघराण्याच्या वस्तू आहेत. गर्दी वाघांपाशी होते. तुम्ही मात्र दरबार हॉलमध्ये रेंगाळा. शिवचरित्रातले प्रसंग रंगीत काचांवर आहेत आणि ऊन चांगलं असताना ते खुलतात, म्हणून दुपार होण्याआधी गाठा. आत फोटो काढू देत नाहीत. मला ते बरंच वाटतं, माणसं निदान डोळ्यांनी बघतात.

राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत चंद्रकांत मांडरेंचा ‘निसर्ग’ बंगला आहे, तिथेच त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे. सिनेमातले मांडरे घरोघरी माहीत, पण चित्रकार मांडरे पाहायला फार थोडे येतात, याची मला खंत वाटते. रंगाची कोरडी भुकटी कागदावर चोळून त्यांनी केलेली पावडर शेडिंगची कामं जरूर पाहा. ब्रशाची रेघ कुठेच दिसत नाही, नुसती छाया गडद होत जाते. चित्र काढणाऱ्या मुलाला तर इथे आणाच.

कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय शहराबाहेर, त्यासाठी अर्धा दिवस वेगळा काढा. सिमेंटच्या पुतळ्यांतून बारा बलुतेदारांचं गाव उभं केलंय. घरातल्या आजी-आजोबांना सोबत न्या आणि फलक वाचण्याऐवजी त्यांनाच विचारा. मोट कशी चालायची, बलुतं कधी मिळायचं, हे ते चालता चालता सांगतात.

आणि जाता-येता दसरा चौकात शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात डोकवा. तिथे चित्रप्रदर्शनं भरतात आणि बऱ्याचदा चित्रकार स्वतः बसलेला असतो. रंग कुठला वापरला, कागद कुठला, किंमत काय, मोकळेपणाने विचारा. जमलं तर एखादं छोटं चित्र विकत घ्या.